बॉल पायथनच्या टाकीत खाली काय अंथरावं?

ठाण्याहून एका वाचकाने विचारलं आहे: दीड वर्षाचा बॉल पायथन आहे, तीन फूट बाय दीड फूट काचेची टाकी, खालून हीट मॅट. विकणाऱ्याने दिलेला लाकडाचा भुसा संपला म्हणून कोपऱ्यावरच्या सुताराकडून पोतंभर भुसा आणून घातला. जुलैत पोटावर लालसर डाग दिसायला लागले. आता कोणी म्हणतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुगा घाल, कोणी म्हणतं पेपर अंथर, कोणी म्हणतं साप म्हटल्यावर वाळूच. सगळ्यात सुरक्षित सबस्ट्रेट, म्हणजे खाली अंथरायचं बेडिंग, कोणतं?

आधी डागांचं बघू. ते थांबायला तयार नसतात. आजच्या आज टाकीतला सगळा भुसा काढा, टाकी पुसून कोरडी करा आणि साधा पांढरा किचन टॉवेल किंवा कोरा न्यूजप्रिंट दोन-तीन पदरी अंथरा. पाण्याचं भांडं आणि लपायची जागा तेवढी आत राहू द्या. पोटावरच्या आडव्या खवल्यांच्या कडा लाल होणं, खवल्याखाली पाणी धरल्यासारखा फोड येणं, खवला पिवळट-तपकिरी पडून सुटायला लागणं ही स्केल रॉटची, म्हणजे खवल्यांच्या संसर्गाची, लक्षणं आहेत. कात टाकायच्या आधी बऱ्याच बॉल पायथनचं पोट गुलाबी दिसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पण तो गुलाबीपणा पोटभर सारखा असतो आणि कात पडली की जातो. डाग सुटे-सुटे असतील, बोट फिरवल्यावर खवला उंचसखल लागत असेल, तर साप बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. हळद, खोबरेल, घरातलं उरलंसुरलं मलम यांतलं काही लावू नका. डाग फक्त गरम बाजूला टेकणाऱ्या भागावर असतील तर तो भाजल्याचाही प्रकार असू शकतो, त्याच्याकडे पुढे येतो.

आता मूळ प्रश्न. पोत्यावर ‘सुरक्षित’ लिहिलेलं असलं तरी ते बेडिंग तुमच्या घरात, त्या महिन्यात सुरक्षित आहे की नाही हे पोतं सांगू शकत नाही. आपल्याकडे एकच माल एप्रिलमध्ये उत्तम आणि जुलैमध्ये घातक ठरतो. दवाखान्यात बेडिंगमुळे आजारी पडलेले जे साप येतात, त्यांतले विषबाधेचे थोडे, ओलाव्याचे आणि घाणीचे जास्त.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा साप. घाना, टोगो, बेनिन हे देश याच्या निर्यातीसाठी ओळखले जातात. तिथे तो गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशात राहतो आणि दिवसाचा बराच वेळ उंदीर-घुशींच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत काढतो. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी बिळातली हवा दमट असते. मात्र तो चिखलात पडून नसतो. हवा दमट, पोटाखाली कोरडं, हे त्याचं गणित. बेडिंगने हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं असतं आणि घोळ तिथेच होतो, कारण दमटपणा वाढवायचा म्हणून लोक सगळं बेडिंग भिजवून टाकतात. आर्द्रता साधारण ५५ ते ७० टक्के हवी, कात टाकायच्या सुमारास जरा वर गेली तरी चालते. ठाण्यात पावसाळ्यात टाकी नुसती उघडी ठेवली तरी हवा याच्या वर जाते. उलट पुण्या-नाशकात एप्रिलच्या दुपारी बाहेरची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते आणि काचेच्या टाकीवर जाळीचं झाकण असेल तर आतलीही तिच्या मागोमाग उतरते. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत तर ठाण्यातही हवा कोरडी पडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून आधी आर्द्रता मोजणारा, वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि प्रोब थंड बाजूला, सापाच्या उंचीवर ठेवा. झाकणाला चिकटवलेली गोल काट्याची घड्याळं शोभेची असतात.

सुताराच्या भुशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो फुकट मिळतो आणि सगळे तोच आणतात. त्या पोत्यात काय आहे हे सुतारालाही सांगता येत नाही. कटिंग मशीनखाली सागवान, पाइन, प्लायवुड, एमडीएफ सगळ्यांचा चुरा एकत्र पडतो. प्लाय आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो. सागवानाच्या धुळीने खुद्द सुतारांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. त्यात पॉलिशचे घासलेले कण असतात, आणि कधी चुका-खिळेसुद्धा. शिवाय भुसा बारीक असतो आणि साप त्यात नाक खुपसून फिरतो. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे छातीत साचलेला कफ खोकून बाहेर टाकणं त्याला जमत नाही. धूळ आत गेली, त्यावर संसर्ग झाला की तो तिथेच मुरतो. नाकपुडीशी बुडबुडे, तोंड किंचित उघडं ठेवून वर मान करून बसणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज हे दिसलं तर बेडिंगचा विचार नंतर, डॉक्टर आधी.

वासाच्या लाकडांची गोष्ट वेगळी. देवदार हा खरा सीडर. त्याच्या तेलाने किडे पळतात म्हणून तर लोकरीच्या कपड्यांच्या पेट्यांना तो वापरत आले. परदेशात सीडर नावाने जे बेडिंग विकतात त्यातलं बरंचसं जुनिपरचं असतं, पण अंगात तसंच सुगंधी तेल. किड्यांना नकोसं होतं ते बंद पेटीत चोवीस तास कोंडलेल्या सापाला मानवेल, हे धरून चालू नये. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर याचं काम जुनं आहे: सीडर आणि पाइनच्या बेडिंगवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली विकरं बदलतात, हे १९६७ मध्येच दाखवून झालं होतं. साप तर हवेतला गंध जिभेने उचलून टाळूतल्या जेकबसन अवयवाला पोचवतो. त्याचं सगळं जग त्या वासांवर चालतं, तिथे तेलाचा भपकारा भरून ठेवायचा कशाला? भट्टीत सुकवलेल्या पाइनमधलं तेल बरंच उडून जातं, काही पाळणारे तो बिनदिक्कत वापरतात. मी देवदार-सीडरला सरळ नाही म्हणतो आणि पाइनलाही पर्याय असताना हात लावत नाही. पॅकिंगच्या खोक्यांचा आणि पॅलेटचा पाइन फोडून भुसा करणारे असतात, त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. आयात पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरं असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ असतील तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. एमबीचं लाकूड प्राण्याच्या जवळपास नको.

शंका असेल तेव्हा वासाची एक साधी चाचणी करता येते. दोन मुठी बेडिंग काचेच्या बरणीत घाला, झाकण घट्ट लावा, रात्रभर हीट मॅटवर ठेवा. सकाळी झाकण उघडून लगेच हुंगा. फर्निचरच्या दुकानाचा, पॉलिशचा, कापराचा किंवा औषधासारखा वास आला तर ते बेडिंग बाद. ओल्या मातीचा, गवताचा मंद वास चालेल. आंबूस, बुरशीचा वास आला तरी बाद.

मग घालायचं काय? तुमच्या परिस्थितीत डाग पूर्ण बरे झाल्यावर मी नारळावर येईन. कोकोपीट आणि त्यासोबत सोडणाचे मोठे तुकडे, ज्यांना नर्सरीत हस्क चिप्स म्हणतात. दोन्ही आपल्याकडे मुबलक, स्वस्त आणि वासाच्या तेलापासून मुक्त. कोकोपीट पाणी धरून हळूहळू सोडतं, चिप्समुळे थर दबत नाही आणि हवा खेळती राहते. अर्धं-अर्धं घ्या, नुसतं पीट वाळल्यावर धूळ होतं.

विकत घेताना एक बघायचं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असू शकतात, मीठ त्या पीटमध्ये राहतं. बागकामवाल्यांना हे ठाऊक असतं, म्हणून कोकोपीटच्या दाबून केलेल्या चांगल्या विटेवर ‘धुतलेलं’ किंवा ‘लो ईसी’ (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असतं. तीच घ्या. ‘पॉटिंग मिक्स’ नावाचं तयार मिश्रण घेऊ नका. त्यात गांडूळखत, निंबोळी पेंड, पर्लाइट, कधी रासायनिक खताचे दाणे असतात आणि पुन्हा ते वेगळे काढता येत नाहीत. ६५० ग्रॅमची एक वीट फुगून साधारण ८-९ लिटर होते. तुमच्या टाकीला सहा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर चोवीसेक लिटर लागेल. दीड-दोन विटा आणि बाकी चिप्स, एवढ्यात भागतं.

वीट बादलीत भिजवा, फुगली की जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घालून पिळा. पहिलं पाणी तांबडं-काळं निघतं, ते फेकून पुन्हा एकदा भिजवून पिळा. मग गच्चीत चादरीवर पसरून उन्हात वाळवा, मधूनमधून हात फिरवा. कितपत वाळवायचं हे मुठीत कळतं. मूठभर पीट घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून थेंब आला तर ते फार ओलं. मूठ उघडल्यावर गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर मोडून पडला, तर ते खालच्या थराला योग्य. मूठ उघडताच भुरभुर सांडलं तर ते वरच्या थराला. टाकी भरताना खाली गोळा होणारं, वर भुरभुरीत, सगळ्यात वर चिप्स. पुढे पाणी कमी पडलं की वरून स्प्रे मारायचा नाही. स्प्रेने वरचा थर, म्हणजे नेमकी पोट टेकायची जागा ओली होते आणि तासाभरात हवा पुन्हा कोरडी. थंड बाजूच्या दोन कोपऱ्यांत कपभर पाणी ओता, ते तळाशी उतरतं आणि तिथून वाफ होऊन हळूहळू वर येतं.

हे सगळं ऑक्टोबर ते मेपर्यंतचं. जूनच्या मध्यापासून ठाण्यात हाच थर घातक होतो, कारण हवा पाणी ओढून घेत नाही आणि तळाशी ते साचून राहतं. बुरशीचे पांढरे तंतू दिसायला आठवडा पुरतो. पावसाळ्याचे चार महिने पीट काढून फक्त कोरड्या चिप्स ठेवा किंवा सरळ कागदावर या. कोपऱ्यात पाणी ओतणं बंद, पाण्याचं भांडं लहान आणि थंड बाजूला, झाकणाची जाळी उघडी, खोलीत पंखा. कात टाकायच्या वेळी डोळे दुधाळ झाले की तेवढ्यापुरता झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवा, त्याला साप जाईल एवढं भोक पाडून आत ओलं शेवाळ किंवा ओला टॉवेल. कात पडली की डबा बाहेर.

कागदाला लोक गरिबाचं बेडिंग समजतात. मला तो पहिल्या दर्जाचा वाटतो. नवीन आणलेला साप, पिल्लू, जखम झालेला, ऑपरेशन झालेला, अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) झालेला, यांना कागदाशिवाय काही नको. पांढऱ्या कागदावर काळे सरकणारे ठिपके म्हणजे माइट्स, ते लगेच दिसतात. विष्ठा पातळ आहे का, युरेट (सापाची घट्ट लघवी) पांढरं खडूसारखं आहे की पिवळं-हिरवट, रक्त आहे का, सगळं स्पष्ट. कागद ओलावा धरत नाही आणि साप त्यात बिळ करू शकत नाही एवढीच उणीव, म्हणून त्याला दोन नीट, अंगासरशी लपायच्या जागा द्यायच्या. रोजचा छापील पेपर चालतो, फक्त ओला झाला की लगेच बदला. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषतच नाहीत.

अॅस्पेनचं नाव तुम्ही वाचलं असेल. हे वासाचं तेल नसलेलं लाकूड, किसासारखं, धूळ कमी, साप त्यात बोगदे करतो आणि ते टिकतात. अमेरिकेतल्या आग्नेय भागातून आलेल्या कॉर्न स्नेकला ते फार सोसतं, कारण त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. आपल्याकडे ते आयात होऊन येतं, महाग पडतं, आणि ओलं झालं की दोन-तीन दिवसांत बुरशी. बॉल पायथनला, तेही ठाण्यात, मी सुचवणार नाही. विदर्भात कॉर्न स्नेक असेल तर जरूर.

वाळूचा सल्ला वाळवंटाच्या चित्रांवरून येतो. बॉल पायथन वाळूत राहत नाही. त्यात हल्ली बांधकामाला मिळते ती बहुतेक एम-सँड, म्हणजे फोडलेला दगड, त्याच्या कणांना धार असते. अक्रोडाच्या कवचाचा चुरा आणि मक्याच्या कणसाचा भरडा याच वर्गातले: एकाला धार, दुसरा पोटात पाणी पिऊन फुगतो. मांजराचं लिटर तर नकोच. भाताचा तूस आणि उसाची चिपाडं कोंबड्यांच्या शेडमध्ये चालतात म्हणून कोल्हापूर-सांगलीकडून विचारणा होते. तुसात सिलिका भरपूर, तो खरखरीत आणि धुळीचा. चिपाडं ओली झाली की त्यात जी बुरशी-जिवाणूंची वाढ होते तिच्या धुळीने साखर कारखान्यातल्या कामगारांना बगॅसोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, तेव्हा ती सापाच्या टाकीत भरायचं कारण नाही. हिरवी कृत्रिम हिरवळ दिसायला बरी, पण कापलेल्या कडेचे धागे सुटून शेपटीला आणि दाताला अडकतात. वापरायचीच तर कडा वितळवून घ्या आणि दोन तुकडे आलटून पालटून धुवा.

बेडिंग गिळण्याची भीती लोकांना फार असते. थोडेसे पीट किंवा एखादी चिप सुदृढ, पाणी पिणाऱ्या, योग्य उबेतल्या सापाच्या पोटातून निघून जाते. अडकतं ते ऊब कमी, पाणी कमी अशा सापाच्या पोटात. गरम बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश ठेवा. उंदीर चिमट्याने द्या, गोठवलेला उंदीर वितळवून देत असाल तर टिपून कोरडा करा, म्हणजे त्याला बेडिंग चिकटणार नाही. साप खात असताना खाली एक फरशी किंवा ताट असलं की झालं. खायला वेगळ्या डब्यात हलवण्याची पद्धत मला पटत नाही. खाल्ल्यावर उचलाउचल केली की उलटी होते, आणि उलटीने सापाचं जे नुकसान होतं ते चिमूटभर पीटने होत नाही.

हीट मॅटचं राहिलं. मॅट खालून असेल तर तिच्यावर जाड थर घालू नका. पीट आणि चिप्स उष्णता अडवतात, वर साप थंड राहतो, खाली काच तापत जाते. मग ऊब शोधत साप उकरत खाली जातो आणि काचेला पोट लावून पडून राहतो. भाजत असलं तरी तो हलत नाही. मॅटच्या भागावर दीड-दोन सेंटिमीटरच थर, बाकी टाकीत सहा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायचीच नाही, आणि त्याचा प्रोब काच आणि बेडिंगच्या मध्ये, मॅटच्या बरोबर वर. जाड थर सगळीकडे हवा असेल तर वरून सिरॅमिक हीटर लावा, त्याला जाळीचं पिंजरं करून.

टाकी धुताना फिनेल वापरू नका. फिनॉलवर्गीय जंतुनाशकं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात आणि काचेच्या सांध्यांत वास दिवसेंदिवस राहतो. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने खळखळून धुवा, उन्हात वाळवा. वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत नको. विष्ठा दिसली की त्याच दिवशी भोवतालच्या मूठभर बेडिंगसकट उचला. पूर्ण बदल कागदाचा दर घाणीला, चिप्स आणि पीटचा साधारण दोन-तीन महिन्यांनी. आंबूस वास आला तर मुदतीची वाट बघायची नाही. सापाची लघवी मुख्यतः घट्ट युरेट असते, म्हणून कोरड्या टाकीला वास जवळजवळ नसतो. वास यायला लागला म्हणजे कुठेतरी ओल आहे, उकरून बघा.

मुंग्या आल्या तर टाकीभोवती मुंग्यांचा खडू ओढू नका, डांबरगोळ्या ठेवू नका. दोन्हींचं विष बंद हवेत सापालाच आधी लागतं. टाकीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जसे पूर्वी दुधाच्या कपाटाचे ठेवायचे. पीटवर उड्या मारणारे बारीक पांढरे स्प्रिंगटेल दिसले तर निर्धास्त असा. ते बुरशी खातात, सापाला चावत नाहीत. मात्र ते वाढले असतील तर बेडिंग फार ओलं आहे.

शेवटी कागदपत्रांचं, कारण पशुवैद्य विचारतो. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. झाली नसेल तर वनविभागाकडे चौकशी करा. मांडूळ, धामण, अजगर किंवा कोणताही देशी साप कोणत्याही बेडिंगवर घरी ठेवता येत नाही.

डॉक्टरकडे जाताना सापासोबत सुताराच्या त्या भुशाची एक पुडी, टाकीचा फोटो आणि गेल्या महिन्यातल्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी असतील तर त्या घेऊन जा. साप सुती पिशवीत, पिशवी हवेची भोकं असलेल्या डब्यात, आणि डब्यातही कागदच.